डावा कान

भाजे
९ जून २०२५

चि. चैताली हिस मामाचा सप्रेम जयभीम.

मामाचं पत्र बघून तू घाबरशील, म्हणून आधीच लिहितो, घरी सगळं ठीक आहे. तुझी रेणुकामामी ठीक आहे, म्हैस ठीक आहे, मीच काय तो ठीक नाही. फोन का केला नाही असं विचारशील. फोन मी पिठाच्या डब्यात घालून वर झाकण लावलं आहे. मामी म्हणते, भाकऱ्या थापताना वाजला तर मी काही उचलणार नाही. वाजू दे. ज्या वस्तूनं मला या वयात चोर ठरवलं, तिला मी हात लावत नाही.

झालं असं. मला वडगावच्या कोर्टाचं समन्स आलं आहे. गाडी चालवताना मोबाईलवर बोलतो, असा आरोप. एकदा नाही, तीनदा. जानेवारीत, फेब्रुवारीत आणि मार्चात. तिन्ही वेळा सकाळी, जुन्या हायवेला वाकसईच्या अलीकडे कॅमेऱ्याचा नवा खांब रोवला आहे, त्याच्यापाशी. चलनाचे मेसेज आले होते म्हणे. माझ्या बटणाच्या फोनवर येणारे मेसेज मी वाचत नाही, ते सगळे लॉटरी लागल्याचे असतात. त्यातच हेही येऊन गेले असतील. वर परिवहन कार्यालयाची नोटीस आली, की एकच गुन्हा तीनदा केला, तेव्हा परवाना का रोखू नये ते सांगा.

चौकात सगळे म्हणतात, लोकअदालतीत जा, भर आणि मोकळा हो. तुझं नाव सांगून गाठलेले वडगावचे गोरख वकील, तेही तेच म्हणाले. पण भरलं म्हणजे मी कबूल केलं. शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की गुन्हा कबूल केलेल्या ड्रायव्हरच्या गाडीत पोरं बसवता येणार नाहीत, संस्थेचा नियमच तसा. चैताली, भाज्यातली नि मळवलीतली निम्मी पोरं माझ्या व्हॅनमध्ये लहानाची मोठी झाली. आता त्यांची पोरं बसायला लागली. ती व्हॅन गेली, तर सकाळी उठून मी काय करू ते मला सुचत नाही.

मी फोनवर बोलत नव्हतो. एवढंच मला माहीत आहे. तू वकीलीण झालीस ती मामाच्या कधी उपयोगी पडणार?

तुझा मामा
विठ्ठल

•

पुणे
१४ जून २०२५

ती. मामास सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. ऑफिसात सगळ्यांनी ते हातात घेऊन बघितलं. आमच्याकडे पोस्टमन फक्त नोटिसा आणतो, त्यामुळे कोणीतरी कोणालातरी नीट लिहिलेलं पाकीट म्हणजे त्यांना नवलच वाटलं.

आता राग मानू नकोस, पण मी तुझी भाची आहे तशी वकीलही आहे. मामी तुला रोज सकाळी फोन करते. डबा विसरलास, गोळी घेतलीस का, येताना मिरच्या आण. मी सुट्टीत तुमच्याकडे राहिले आहे, मला ते तोंडपाठ आहे. तू फोन घेतला असशील तर तसं सरळ सांग. तुला वाटतं एका मिनिटानं काय होतं. मामा, माझे बाबा रस्त्यावर गेले. एका मिनिटानं काय होतं ते आपल्या घरात कोणी कोणाला शिकवायला नको.

चलनाचे फोटो मी साईटवरून काढले. तुझा चेहरा स्वच्छ दिसतो, तुझी ती जुनी खाकी टोपी दिसते, आणि डावा हात डाव्या कानाशी, मूठ मिटलेली. तिन्ही फोटोंत हुबेहूब. माझ्या सिनियरना दाखवले तर ते म्हणाले, कबूल करायला सांग.

तरीही तू नाही म्हणतोस, म्हणून एक काम कर. फोन पिठातून काढ, पूस, आणि कंपनीच्या गॅलरीत जाऊन त्या तीन तारखांचा कॉलचा तपशील मागणारा अर्ज दे. सोबत आधार कार्ड ने. तपशील आला की मला पाठव. आणि मला एका ओळीत लिही, फोन नव्हता तर हात कानाशी काय करत होता?

शाळा सुरू होतेय ना सोमवारी? गाडी जपून चालव.

तुझी
चैताली

•

भाजे
२१ जून २०२५

चि. चैताली हिस जयभीम.

तपशील सोबत जोडला आहे. गॅलरीतल्या पोराला फोनच्या बटणांत पीठ सापडलं, तो हसून हसून वाकला. त्या तिन्ही सकाळी चलनाच्या वेळेला एकही कॉल नाही, ना आलेला, ना केलेला. मामी फोन करते ती मी शाळेच्या फाटकात गाडी लावल्यावर. हे तिला पक्कं माहीत आहे, कारण एकदा त्याआधी केला होता तेव्हा मी घरी येऊन दोन दिवस तिच्याशी बोललो नव्हतो. तू मला ओळखत नाहीस असं मी म्हणणार नाही, पण तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही, हे खरं. प्रदीपचं नाव तू त्या कागदावर काढलंस. प्रदीप तुझा बाप होता, तसा माझा भाऊजी होता आणि त्याआधी माझा दोस्त होता. मी स्टीअरिंगवर बसलो की तो शेजारच्या सीटवर बसलेला असतो, एवढं तुला सांगून ठेवतो.

हाताचं विचारलंस. कान खाजतो. थंडीत मला डाव्या कानाला खाज सुटते, जुनं आहे. मामीला विचार. नको, विचारू नकोस, ती डॉक्टरकडे नेईल.

गोरख वकिलांनी बारा ऑगस्टची तारीख सांगितली आहे. मी गुन्हा नाकबूल केला तेव्हा ते माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांच्या खिशातून काही काढून घेतलं.

तुझा मामा

•

पुणे
३० जून २०२५

ती. मामास सप्रेम जयभीम.

आधी माफी मागते. बाबांचं नाव मी असं फेकायला नको होतं. कॉलचा तपशील बघून मला इतकं बरं वाटलं की ऑफिसात मी उगाच सगळ्यांना चहा पाजला.

पण मामा, खाजेचं मला पटलं नाही. कोर्टालाही पटणार नाही. मार्चात थंडी कुठली? आणि लोणावळ्याच्या शाळेपर्यंतच्या सगळ्या रस्त्यात तुझा कान त्या एकाच खांबापाशी बरा खाजतो. तू खोटं बोलायला लागलास की वाक्याच्या शेवटी मामीला मध्ये आणतोस, ही तुझी सवय मी लहानपणापासून बघते आहे.

म्हणून काल रविवारी मीच आले. तुला कळवलं नाही. लोकलनं मळवलीला उतरले, पुढे सहा आसनी रिक्षात बसून वाकसईच्या अलीकडे तो खांब आला तिथे उतरले. शनिवार-रविवारची मुंबईची गर्दी होती, मक्याची कणसं, छत्र्या, गाड्यांची रांग. मी खांबाखाली उभी राहून तुझ्या येण्याच्या दिशेनं बघितलं. तुझ्या डाव्या हाताला काय आहे? एक टायर-पंक्चरचं दुकान. पत्र्याची शेड, बाहेर टायर रचलेले, आणि लोखंडी खुर्चीत एक खूप म्हातारे गृहस्थ, पांढऱ्या मिशा, डोळ्यांना जाड चष्मा. बाकी काही नाही. ना देऊळ, ना बुद्धविहार, ना पाटी. शेजारच्या चहावाल्याला विचारलं, इथं कोणी शाळेच्या व्हॅनवाल्याच्या ओळखीचं आहे का? तो म्हणाला, "आबांना इचारा, पर त्ये कुनाशी लय बोलत न्हाईत."

मी त्यांना विचारलं नाही. ते माझ्याकडे बघत राहिले, चष्म्यातून त्यांना कितीसं दिसत होतं कोण जाणे. मला उगाचच अवघडल्यासारखं झालं आणि मी परत फिरले.

कोण आहेत ते?

तुझी
चैताली

•

भाजे
६ जुलै २०२५

चि. चैताली हिस मामाचा जयभीम.

तू तिथं उतरून उभी राहशील हे मी धरलंच नव्हतं. वकील झाल्यावर माणसं घरबसल्या कागद हलवतात असं मला वाटायचं. तू अगदी आईवर गेली आहेस.

ते बजरंग उस्ताद. नाव वाचून तू पत्र खाली ठेवलंस तरी मला वाईट वाटणार नाही. पण थोड्या वेळानं उचल आणि पुढचं वाच.

तुझ्या घरात हे नाव कोणी घेत नाही. तू पाच वर्षांची होतीस. खंडाळ्याच्या घाटात उतारावर ट्रकचे ब्रेक गेले. ट्रक उस्तादांचा, चालवत तेच होते, शेजारी प्रदीप. उस्ताद वाचले, प्रदीप गेला. चूक ब्रेकची होती, पंचनाम्यातही तसंच आलं. पण तुझ्या आईच्या, शालनच्या पुढ्यात पंचनामा कोण वाचणार? उस्ताद दारात आले होते. तिनं त्यांना आत घेतलं नाही. मग मला ओट्यावर बसवून तिनं वचन घेतलं. "त्याच्या दारात जायचं न्हाई, त्याच्याशी बोलायचं न्हाई, त्याचं तोंड बघायचं न्हाई." माझी एकुलती एक बहीण, तिचं कपाळ नुकतंच मोकळं झालेलं. मी हो म्हटलं.

आता उस्ताद माझे कोण ते ऐक. मी पोरगेला होतो, शेतावर मजुरीला जायचो. मराठ्यांच्या घरातला हा माणूस, स्वतःचा ट्रक, त्यानं आमच्या वस्तीत येऊन माझ्या बापाला विचारलं, पोरगा क्लीनर म्हणून देता का. पहिल्याच दिवशी ढाब्यावर मी ताट घेऊन बाजूला बसायला निघालो, तर त्यांनी माझा कान धरून ओढत आणला आणि स्वतःच्या ताटात जेवायला बसवलं. हाच डावा कान. पुढं गिअर चुकला की कान, आरशात बघितलं नाही की कान. त्या कानावर मी गाडी शिकलो. प्रदीपलाही मीच त्यांच्याकडे नेलं होतं, कारण त्यांच्याहून चांगला शिकवणारा या तालुक्यात नव्हता.

आमच्या लाईनीत रीत आहे. उस्तादाचं नाव निघालं, उस्तादाच्या दारावरून गाडी गेली, की कानाची पाळी धरायची. मोबाईल यायच्या आधीपासून ड्रायव्हर लोक हे करत आले. आता वरून कॅमेऱ्यानं बघितलं तर त्याला त्यात फोनच दिसणार, त्याचा तरी काय दोष.

मी शालनचे तिन्ही शब्द पाळले. त्या दारात गेलो नाही. बोललो नाही. दुकान आलं की मी मान इंचभरही वळवत नाही, नजर सरळ रस्त्यावर. ते खुर्चीत असतात का आत असतात, जागे असतात का झोपलेले, मला माहीत नाही. त्या अपघातानंतर त्यांनी स्टीअरिंगला हात लावला नाही, एवढं लोकांकडून कळलं. मी फक्त पाळी धरतो आणि पुढं जातो. तिनं माझं तोंड बांधलं, डोळे बांधले, हाताचं ती काही बोलली नव्हती. ही पळवाट आहे हे मला कळतं, पण इतकी वर्षं मी तेवढ्यावर काढली.

आता तूच सांग, हे मी वडगावला भर कोर्टात बोलू? संध्याकाळपर्यंत तळेगावला शालनच्या कानावर जाईल. तिला वाटेल, भावानं आपल्या पाठीमागं त्या माणसाला रोज नमस्कार केला. त्यापेक्षा परवाना गेलेला चालेल. शालनला यातलं काही सांगू नकोस. हे मामाचं मागणं समज.

तुझा मामा

•

पुणे
२७ जुलै २०२५

ती. मामास सप्रेम जयभीम.

इतके दिवस लिहिलं नाही. पहिले काही दिवस मी तुझ्यावर चिडले होते. मग आईवर चिडले. मग त्या म्हाताऱ्या माणसावर चिडायचं ठरवलं, पण मला ते लोखंडी खुर्चीत बसलेलेच आठवायला लागले आणि राग धरवेना. मला बाबांचा चेहरा फ्रेममधल्या फोटोतलाच आठवतो. आवाज आठवत नाही. तुझ्या पत्रात ते तुझ्या शेजारच्या सीटवर बसतात असं लिहिलंस, ते मी कितीदा वाचलं असेल. मला आजवर कोणी असं काही सांगितलं नव्हतं.

आता कामाचं. बारा तारखेला मला येता येणार नाही, त्याच दिवशी सिनियरची मोठी केस आहे आणि त्यांनी रजा द्यायला साफ नकार दिला. गोरख वकिलांशी मी फोनवर बोलले, ते आता जरा जागे झाले आहेत. तू एवढं लक्षात ठेव. टोपी काढून जा. फोन घरी ठेव, पिठात ठेवलास तरी चालेल. नाव पुकारलं की पुढे हो. विचारलं तेवढंच बोल, पण विचारलं तर खरं बोल. "हात कानाशी का होता?" हा प्रश्न येणारच आहे. खाजेचं बोललास तर मी तुझी भाची नाही. रीत काय ती सांग. आईचं नाव घ्यायची गरज नाही, वचनाचं सांगायची गरज नाही. उस्तादांच्या दुकानावरून जाताना पाळी धरतो, एवढं एक वाक्य पुरेल.

मी वकिलांकडे एक पाकीट पाठवलं आहे. त्यात तेच तीन फोटो आहेत, पण मोठे करून छापलेले, पूर्ण. आपण सगळे इतके दिवस फक्त तुझ्या खिडकीची चौकट मोठी करून बघत होतो. ते पाकीट तू आधी उघडायला लावू नकोस. न्यायाधीशांच्या हातात गेल्यावरच बघ.

आईला सांगू नकोस असं मागितलंस. मी तुला तसं वचन दिलेलं नाही, हे ध्यानात ठेव.

तुझी
चैताली

•

भाजे
१३ ऑगस्ट २०२५

चि. चैताली हिस मामाचा सप्रेम जयभीम.

तुझ्या आईनं फोनवर तुला सांगितलंच असेल. तरी मी लिहितो, कारण मला ते कोणालातरी लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

मी लवकर पोचलो. टोपी काढून खिशात घातली, तर डोक्याला गार लागायला लागलं. कोर्टाबाहेर सगळी माझ्यासारखीच माणसं, कोणी सिग्नल तोडलेला, कोणी तिघं बसलेला. आंबीच्या कारखान्यातला एक पोरगा दिवसाचा खाडा करून आला होता, तो मला म्हणाला, "मामा, कबूल करा नि सुटा, हितं भांडत कोन बसतं."

मग फाटकापाशी एक रिक्षा थांबली. आधी शालन उतरली. मला वाटलं, झालं, हिला कळलं, आता सगळ्यांदेखत माझी शोभा होणार. पण ती माझ्याकडे आली नाही. ती वळली, रिक्षात हात घातला आणि आतल्या माणसाला धरून हळूहळू खाली उतरवलं. पांढऱ्या मिशा, धुतलेला सदरा. मी सवयीनं नजर खाली घातली, जमिनीकडे बघत राहिलो. शालन माझ्यापाशी आली आणि नेहमीच्या आवाजात, घरात पाणी मागावं तसं म्हणाली,

"यांना पायरी दिसत न्हाई. तू दुसरा हात धर."

मी धरला. चैताली, तो हात पार हलका झाला आहे. या हातानं माझा कान उपटायचा बाकी ठेवला होता. एकेक पायरी चढवत आम्ही दोघांनी त्यांना आत नेलं.

आत न्यायाधीशबाई होत्या, तुझ्याहून फार मोठ्या नसतील. कॉलचा तपशील त्यांनी नीट वाचला. मग विचारलंच, हात कानाशी का. मी रीत सांगितली, एका वाक्यात, तू सांगितलंस तशी. त्या थोडं हसल्या, पण वाईट हसल्या नाहीत. म्हणाल्या, असं कोणीही सांगू शकेल. तेव्हा गोरख वकिलांनी तुझं पाकीट पुढं केलं आणि उस्तादांना उभं केलं.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, याला कानाला हात लावताना तुम्ही पाहिलंत?

उस्ताद म्हणाले, "न्हाई बाई. मला रस्त्याच्या कडेचं बी दिसत न्हाई आता."

वकिलांनी डोळे मिटले. मलाही वाटलं, संपलं. बाईंनी विचारलं, मग तुम्ही कशाला आलात?

"गाडीचा आवाज वळकतो मी. ह्येला म्याच शिकवलं, ह्येचा गिअर टाकायचा आवाज मला ठावं हाय. त्यो आला की मी उठून हुबा ऱ्हातो. त्यो कान धरतो का न्हाई ते मला म्हाईत न्हाई. पर धरीत आसंल म्हनून मी हात वर करतो."

बाईंनी फोटो हातात घेतले, बराच वेळ बघितले, मग आम्हालाही बघायला दिले. मी पहिल्यांदा पूर्ण फोटो बघितला. मधोमध माझी व्हॅन, आत मी, नजर सरळ, हात कानाशी. आणि कडेला, पत्र्याच्या शेडपुढं, रिकाम्या खुर्चीच्या शेजारी उस्ताद उभे. उजवा हात वर, आशीर्वाद देतात तसा. जानेवारीतही, फेब्रुवारीतही आणि मार्चातही. मला वाटायचं, मी नमस्कार करतो तो वाऱ्यावर जातो. मी कधी बघितलं नाही, त्यांना कधी दिसलं नाही, आणि आमचं दोघांचं हे असं रोज चाललं होतं. बघितलं ते फक्त त्या खांबानं.

मी रडलो. साठीला आलेला माणूस कोर्टात रडला, आणि आंबीचा तो पोरगा मागून बघत होता, त्याचं मला काही वाटलं नाही.

तिन्ही चलनं रद्द झाली. परिवहन कार्यालयाला द्यायला निकालाची प्रत मिळेल. उठता उठता बाईंनी मला बजावलं, की कारण काहीही असो, गाडी चालू असताना हात स्टीअरिंगवरच हवा, यापुढे नमस्कार गाडी थांबवून करा. मी हो म्हणालो. शालन उस्तादांना घेऊन त्याच रिक्षानं परत गेली. मी तिच्याशीही धड बोललो नाही. तू तिला काय सांगितलंस, आणि कसं?

तुझा मामा

•

पुणे
१८ ऑगस्ट २०२५

ती. मामास सप्रेम जयभीम.

मी आपणहून तिला काहीच सांगितलं नाही. तोंडानं काही सांगायचं नाही एवढंच तू मागितलं होतंस, आणि पळवाट कशी काढायची ते मला तुझ्या पत्रातूनच कळलं.

जुलैच्या शेवटी घोरावाडी स्टेशनला उतरून तळेगावच्या घरी गेले. तिन्ही फोटो स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवले आणि मी कपडे वाळत घालायला गच्चीत गेले. परत आले तर ती पदरानं हात पुसत फोटोंवर वाकली होती. तिनं आधी तुला बघितलं, मग कडेच्या माणसाकडे बोट नेलं. कोण आहेत असं मला विचारलंच नाही. म्हणाली, "मी दारातून परत धाडलं तवा बी हा असाच हुबा होता. ऊन उतरंपर्यंत. मी खिडकीतनं बघत होते."

मग तिनं विचारलं, विठ्ठल तिकडे का बघत नाही. मी म्हटलं, तुला शब्द दिलाय म्हणून. ती खाली बसली मामा. म्हणाली, "मी तवा रागात बोलले गं. मला वाटलं, वर्सभर पाळील नि सोडून दील." तिनं तुला त्या वचनातून कधीच मोकळं केलं असतं, पण तू विचारलं नाहीस आणि तिला तो विषय काढायची लाज वाटली. तुम्ही दोघं बहीणभाऊ एकमेकांना इतके जपत आलात की मधल्यामध्ये एक माणूस शेडखाली म्हातारा झाला.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच वाकसईला जाऊन आली. कोर्टाची तारीख तेवढी तिनं माझ्याकडून विचारून घेतली, आणि उस्ताद साक्षीला येतील हे मी गोरख वकिलांना कळवलं. तिथं काय बोलणं झालं ते ती मला सांगत नाही. तुला सांगितलं तर मला लिही.

शाळेत निकालाचं पत्र पोचलं का? पोरं काय म्हणतात?

तुझी
चैताली

•

भाजे
२४ ऑगस्ट २०२५

चि. चैताली हिस मामाचा सप्रेम जयभीम.

शाळेत पत्र पोचलं. ऑफिसातल्या बाईंनी पेढे मागितले. पोरांना वाटतं मी तुरुंगात जाऊन आलो, आणि त्यांची ती समजूत मी अजून मोडलेली नाही, गाडीत भलतीच शांतता असते.

शालननं मलाही काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तू आता आम्हाला त्यावरून रागावशील.

सकाळी पोरं असतात म्हणून थांबत नाही. दोन्ही हात स्टीअरिंगवर, हुकूम म्हणजे हुकूम. मान मात्र वळवतो. ते उभे असतात. मी हॉर्न जरासा दाबतो, म्हणजे त्यांना कळतं.

परवा शाळा सुटल्यावर पोरं घरोघर सोडली आणि रिकामी गाडी घेऊन परत वाकसईला गेलो. शेडपुढं लावली. उतरलो. दारात पाऊल ठेवलं. त्यांच्यापुढं उभा राहून पाळी धरली. वीस-बावीस वर्षांचं साठलेलं, त्यातलं आधी काय काढायचं? प्रदीपचं, की त्या दिवशीचं, की माझंच? उस्ताद खुर्चीतून उठले, चाचपडत आले, माझा खांदा सापडला, मग मान सापडली, मग डावा कान. धरला. पूर्वीसारखाच पिळला, फक्त जोर नव्हता.

आणि म्हणाले, "मागच्या डाव्या चाकात हवा कमी हाय. लय दिस झालं ऐकतोय. पोरं बसवतोस नव्हं गाडीत?"

हवा भरून घेतली. चहा त्यांनी पाजला.

तुझा मामा
विठ्ठल